आईचा खुबा मोडला होता आणि रजिस्टरमध्ये लिहिलं होतं ‘गुडघेदुखी’

हे आमच्याच घरातलं प्रकरण आहे. सेंटरचं, हॉस्पिटलचं, कोणाचंच नाव घेत नाही, ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत, पण घटना कशी घडत गेली तो क्रम जसाच्या तसा आहे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटं हॉस्पिटल डोळ्यासमोर येतं, मी म्हणतेय ते म्हणजे वयस्कर माणसं कायमची राहतात ते केअर सेंटर, जिथे सिस्टर असतात, मावश्या असतात आणि डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन बघून जातात.

पार्श्वभूमी

आई ८१ वर्षांची. प्राथमिक शाळेत ३४ वर्षं शिकवलं तिने, अजूनही कोणी ‘बाई’ म्हटलं की मान वर करते. २०१९ मध्ये हृदयात स्टेंट बसला तेव्हापासून क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, चालू आहे. चार वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. आम्ही तिघं भावंडं, दादा पुण्यात, मी नाशिकला, धाकटा टोरांटोला. आई दादाकडेच असायची, पण गॅस चालू ठेवून विसरणं झालं, मग एकदा पहाटे तीनला सोसायटीच्या गेटबाहेर उभी सापडली, ‘शाळेची वेळ झाली’ म्हणून. दादा-वहिनी दोघंही नोकरी करणारे. दीड वर्षापूर्वी तिला सेंटरमध्ये ठेवलं, दादाच्या घरापासून अर्ध्या तासावर.

दोन गोष्टी आधी घडून गेल्या होत्या आणि त्यांचा अर्थ आम्हाला तेव्हा लागला नाही. एक, दोन वर्षांपूर्वी आई घरातच उंबऱ्याला अडखळून हातावर पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर झालं, सहा आठवड्यांनी निघालं, विषय संपला. उभ्या उभ्या पडून मनगट मोडतं म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, त्याची तपासणी करून औषध सुरू करायला हवं, हे ना आम्ही विचारलं ना आम्हाला कोणी सांगितलं. दुसरी गोष्ट पडण्याच्या दोनच आठवडे आधीची. सेंटरमधून मला फोन आला की आजी रात्री ओरडतात, बाकीच्यांची झोप मोडते, डॉक्टर झोपेची गोळी वाढवायची म्हणतायत, देऊ का? मी ऑफिसातून निघत होते. म्हटलं द्या. त्या गोळीने रात्री उठल्यावर तोल जाऊ शकतो, बीपी एकदम खाली येऊ शकतं, एवढं तरी मी विचारायला हवं होतं.

काय झालं

बुधवारी पहाटे सव्वाचारच्या आसपास आई बाथरूमला जायला उठली आणि खोलीच्या दारात पडली. त्या मजल्यावर रात्री एकच मावशी आणि १४ आजी. मावशीने आवाज ऐकला, एकटीनेच आईला काखेत धरून उचललं, पलंगावर टाकलं, पांघरूण घातलं. आई थोडी कण्हली आणि झोपली, असं ती म्हणते. सकाळी आठला ड्यूटी बदलली तेव्हा तिने हे कोणाला सांगितलं नाही.

पुढचं मी रजिस्टरवरून लिहितेय, नंतर आम्ही त्याचे फोटो काढून घेतले. साडेआठ, ‘नाश्ता घेतला नाही’. दहा, ‘स्पंज करताना चिडचिड, मारायला येतात’. साडेदहा, ‘गुडघेदुखी, मलम लावलं’. साडेअकरा, ‘डॉक्टरांना फोन केला, शांत राहण्याची अर्धी गोळी दिली’. दोन, ‘झोपून आहेत’. चार, ‘झोपून आहेत’.

ह्या सहा ओळी मी कितीवेळा वाचल्या असतील सांगता येणार नाही. यातलं एकही वाक्य खोटं नाहीये. आईने खरंच नाश्ता नाकारला, खरंच हात उगारला, खरंच गुडघा दाखवला. खुब्याचं हाड मोडलं तर कळ कधीकधी गुडघ्यात जाणवते, हे ऑर्थोच्या डॉक्टरांनी आम्हाला नंतर सांगितलं. ज्याला नीट बोलता येतं तो म्हणेल मांडीच्या वर दुखतंय, रात्री पडलो होतो. आईला पडल्याचंच आठवत नव्हतं. तिच्याकडे सांगायला हात उगारणं आणि गुडघ्याकडे बोट दाखवणं एवढंच होतं, ते तिने केलं, आणि आपण त्याला चिडचिड म्हणून वर झोपेची गोळी दिली. आपण म्हणजे सगळेच, कारण फोनवर मला विचारलं असतं तर मीही बहुतेक तेच म्हटलं असतं, हल्ली ती चिडचिड करतेच.

संध्याकाळी पाचला फिजिओथेरपीचा मुलगा आला, आठवड्यातून तीनदा येतो, पंचविशीतला असेल. त्याने पांघरूण बाजूला केलं आणि एका नजरेत त्याला कळलं. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं. टाच उचला म्हटलं तर उचलता येईना. त्याने आईला अजिबात हलवू दिलं नाही आणि सरळ दादाला फोन लावला. पडल्यापासून जवळजवळ १३ तास झाले होते.

पहिला निर्णय: कुठे न्यायचं

सेंटरचं म्हणणं, कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलमध्ये न्या, आमचे नेहमीचे आहेत. दादा घाबरलेला होता, अँब्युलन्स आली, तो तिथेच गेला. एक्सरे निघाला, मांडीच्या हाडाची मान, म्हणजे खुब्यातल्या गोळ्याखालचा भाग, मोडून सरकलेली. तिथले डॉक्टर म्हणाले रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, पाच ते सात दिवस थांबू, तोवर पायाला वजन लावून ठेवू.

मी तोवर नाशिकहून निघाले होते, संगमनेरच्या पुढे कुठेतरी असताना दादाचा फोन. मला यातलं काही कळत नव्हतं पण माझी एक मैत्रीण भूलतज्ज्ञ आहे, तिला कॉन्फरन्सवर घेतलं. ती म्हणाली, क्लोपिडोग्रेल चालू असताना कमरेत इंजेक्शन देऊन भूल देणं टाळतात कारण मणक्यात रक्त साठायची भीती असते, पण तीच एक भूल नाहीये, पूर्ण भूल देऊन आणि पायाच्या नसेजवळ ब्लॉक, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन, देऊन ऑपरेशन होऊ शकतं, त्यासाठी आयसीयू आणि रक्ताची सोय असलेलं हॉस्पिटल हवं. या वयात खुब्याचं ऑपरेशन शक्यतो एकदोन दिवसांत व्हावं, आठवडा पडून राहिली तर छातीत कफ, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या, हे सगळं रांगेत उभंच असतं.

म्हणजे दोन वाटा होत्या. जवळच्या ठिकाणी थांबणं, किंवा रात्री अकराला तिला परत स्ट्रेचरवर घालून मोठ्या हॉस्पिटलला हलवणं. हलवताना ती जशी ओरडत होती ते ऐकून वहिनी म्हणाली राहू दे, इथेच ठेवूया. दादाने हलवायचं ठरवलं. मला आजही वाटतं त्या अख्ख्या आठवड्यातला तो सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता आणि तो त्याने एकट्याने, पार्किंगमध्ये उभं राहून घेतला.

मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तीन गोष्टी झाल्या. डॉक्टरांनी आधी मेंदूचा सीटी स्कॅन करायला सांगितला. दादा म्हणाला डोक्याला तर काही लागलेलं नाही. डॉक्टर म्हणाले पडताना कोणी बघितलंय का, नाही ना, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, मग आत रक्तस्राव नाही हे बघायलाच पाहिजे. नशिबाने तो ठीक निघाला. दुसरं, गोळ्यांचा प्रश्न. क्लोपिडोग्रेलचा शेवटचा डोस कधी दिला, झोपेची गोळी किती वाजता, दुपारी काय दिलं, हे तिथे कोणालाच सांगता येईना. दादाने सेंटरला फोन करून औषधांच्या चार्टचा फोटो मागवला, तो यायला ५० मिनिटं लागली. तिसरं म्हणजे संस्थेत पडल्यात आणि उशिरा आणलंय म्हटल्यावर डॉक्टरांनी एमएलसी नोंदवली, म्हणजे पोलिसांना कळवलं. दादा बिचकला, उगीच लफडं नको म्हणाला. पण ती नोंद झाली म्हणून पडण्याची वेळ आणि आणण्याची वेळ तारखेसकट कागदावर आली, पुढे त्याचा उपयोग झाला.

दुसरा निर्णय: ऑपरेशन करायचं का

गुरुवारी सकाळी मामा आले. मामांचं म्हणणं होतं, वय ८१, डोकं जागेवर नाही, कशाला चिरफाड करताय, शांतपणे पडू द्या तिला. मामांना आईची माया कमी आहे असं बिलकुल नाही, त्यांनी स्वतःच्या वडिलांना असंच अंथरुणावर सांभाळलंय. धाकटा टोरांटोहून व्हिडिओवर, त्याच्याकडे मध्यरात्र, तो म्हणतोय सगळ्यात चांगलं जे असेल ते करा, पैसे मी पाठवतो. आणि आम्ही दोघं मधे.

डॉक्टरांना आम्ही एकच विचारलं, ऑपरेशन नाही केलं तर तिला दुखणार किती? ते म्हणाले ऑपरेशन न करता हे हाड जुळणार नाही, प्रत्येक वेळी डायपर बदलताना, कूस बदलताना कळ येणार, आठवडेच्या आठवडे. ती पुन्हा चालेल की नाही याची गॅरंटी नाही, पण कूस बदलताना ओरडणार नाही एवढं नक्की साधता येईल. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण पाचातला एक, कधी त्याहून जास्त पेशंट जातात, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग मामाच म्हणाले, दुखणं थांबणार असेल तर करा.

गुरुवारी संध्याकाळी पाचला ऑपरेशन झालं, पडल्यापासून ३७ तासांनी. अर्धा सांधा बदलला, म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून धातूचा बसवला. शुक्रवारी दुपारी तिला पलंगाच्या कडेला बसवलं.

हॉस्पिटलमधले नऊ दिवस

दुसऱ्या रात्री आईचा ताबा सुटला. सलाइन उपटलं, कॅथेटर ओढला, मला ओळखेना, तिच्या वारलेल्या बहिणीला हाका मारत होती. आयसीयूत तिचे हात पलंगाला बांधले. मला ते बघवलं नाही. सिस्टर म्हणाल्या ऑपरेशननंतर या वयात होतं, डिमेन्शिया असेल तर जास्तच. मी विचारलं मला आत बसू द्याल का, हात मी धरते. खूप विनवण्या केल्यावर रात्रभर बसायची परवानगी मिळाली.

तेव्हा लक्षात आलं की तिचा चष्मा आणि कानातलं मशीन दोन्ही सेंटरमध्येच राहिलंय. तीन दिवस ती धूसर बघत होती आणि अर्धवट ऐकत होती, वर अनोळखी लोक येऊन टोचत होते, माणूस घाबरणार नाही तर काय. दादाने पहाटे जाऊन दोन्ही आणलं. मशीन कानात घातलं आणि मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी म्हटलं, बाई, एकोणतीसचा पाढा येत नाही हो मला. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं एकोणतीस दुणे? म्हणाली अठ्ठावन्न. त्रिक? सत्त्याऐंशी. दहापर्यंत गेली, मग पावकी सुरू केली, पावकी मला खरंच येत नाही तर रागावली. पहाटे पाचला झोपली. पुढे वॉकर धरून उभं करताना फिजिओच्या सिस्टर तिला पाढ्यावरच पाऊल टाकायला लावायच्या.

माकडहाडापाशी एक बेडसोर झाला, वरची कातडी गेलेली. त्या १३ तासांचाही त्यात वाटा असणार. एअरबेड आणि दर दोन तासांनी कूस बदलणं, यावर तो पाच आठवड्यांत भरला.

तिसरा निर्णय: सेंटरशी कसं बोलायचं

शनिवारी मी लेखी पत्र दिलं, ईमेलवर आणि हातातही, पोच घेतली. त्या मजल्याच्या पॅसेजचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा ही पहिली मागणी, कारण मशीनमध्ये जुनं आपोआप पुसलं जातं. घटनेचा लेखी अहवाल, औषधांचा चार्ट, रजिस्टरची पानं आणि त्या रात्री ड्यूटीवर किती माणसं होती तेही मागितलं. हॉस्पिटलकडूनही पूर्ण फाइलची कॉपी मागितली, डॉक्टरांनी ती मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी असा मेडिकल कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे.

मॅनेजर मॅडमनी ॲडमिशन फॉर्म पुढे केला, त्यावर दादाची सही, ‘पडल्यास वा इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’. आम्ही वकिलांना दाखवलं. ते म्हणाले पडणं ही एक गोष्ट, पडल्यावर १३ तास काही न करणं ही दुसरी, आणि अशा सहीने निष्काळजीपणाची जबाबदारी पुसली जात नाही. ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांची मुदत आहे. धाकट्याला केस हवी होती, आजही हवी आहे.

केस करायची की नाही हे ठरवायच्या आधी मला त्या रात्रीच्या मावशीला भेटायचं होतं. मॅडम नको म्हणत होत्या. भेटली तेव्हा ती थरथरत होती. हिंगोलीकडची, बारा तासांची ड्यूटी, दोन मुलं गावी आजीकडे. मी एवढंच विचारलं की मावशी, सकाळी सांगितलं का नाही? ती म्हणाली ताई, पेशंट पडला की आमच्या पगारातून कापतात, मागच्या महिन्यात एकीचे दीड हजार कापले.

माझा सगळा राग तिथे दुसरीकडे वळला. पडल्यावर जी सांगेल तिला दंड, म्हणजे न सांगणं हीच तिथली व्यवस्था होती. एकट्या बाईने १४ जणींना बघायचं, पडलेल्या माणसाला एकटीनेच उचलायचं, आणि वर गप्प बसायचं. तिला काढून टाकलं असतं, मॅडम तयारच होत्या, तर पुढची मावशी आणखी गप्प बसली असती.

म्हणून पैशाच्या आधी आम्ही चार गोष्टी लेखी मागितल्या. पगार कापणं बंद. पडलेल्याला एकटीने उचलायचं नाही, आधी हाक मारून दुसऱ्याला बोलवायचं आणि पायांची लांबी, पावलाची दिशा, डोकं बघायचं. घरच्यांना अर्ध्या तासात फोन, मग पहाटेचे चार वाजलेले असोत. आणि त्या मजल्यावर रात्री दोघी. पहिल्या तीन गोष्टी मान्य केल्या. रात्रीच्या दुसऱ्या मावशीसाठी दोन महिने लावले, शेवटी सगळ्यांचीच फी वाढवून तिला ठेवली. त्या महिन्याची फी त्यांनी परत दिली. हॉस्पिटलचं बिल आम्ही मेडिक्लेममधून आणि खिशातून भागवलं.

चौथा निर्णय: आईने राहायचं कुठे

डिस्चार्जनंतर दादाच्या घरी आणलं, तेव्हा आम्हा सगळ्यांना तेच बरोबर वाटत होतं. ब्युरोच्या मावश्या लावल्या, सात आठवड्यांत चार बदलल्या. दर नव्या मावशीला आई नव्याने घाबरायची. वहिनीची कंबर गेली, तिने रजा संपवल्या. मी शनिवार-रविवार येत होते पण आठवड्यात पाच दिवस असतातच की.

दुसरी दोन सेंटर बघितली, एक जास्त चकाचक होतं. तिथे मी विचारलं पेशंट पडला तर तुम्ही काय करता, तर म्हणाले आमच्याकडे कोणी पडतच नाही. तिथून आम्ही उठलो. शेवटी आई त्याच जुन्या सेंटरमध्ये परत गेली. धाकटा तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. त्याचं म्हणणं मला समजतं, ज्यांनी हे केलं त्यांच्याच हातात परत दिलं. पण तिथली खोली तिला ओळखीची, फिजिओचा तो मुलगा तिथे, आणि पडल्यावर काय करायचं हे लिहून भिंतीवर लावलेलं मला फक्त तिथेच दिसलं, जरी ते आमच्यामुळे लागलेलं असलं तरी.

वेगळं काय करता आलं असतं

मनगट मोडलं तेव्हाच हाडांची तपासणी. आता व्हिटॅमिन डी भरून काढलं, किडनीच्या तपासण्या झाल्या आणि वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं इंजेक्शन सुरू झालं. दोन वर्षं आधी व्हायला हवं होतं.

झोपेच्या गोळीला हो म्हणण्याआधी विचारायचं की रात्री ओरडते ती कशामुळे? लघवीला जायचं असतं का, तहान लागते का, मशीन काढल्यावर ऐकू येत नाही म्हणून घाबरते का. आता संध्याकाळी सहानंतर चहा बंद केलाय, साडेनऊला आणि दोनला तिला बाथरूमला नेतात, बाथरूमचा दिवा रात्रभर चालू असतो. गोळी पूर्वीच्याच डोसवर आणली, ओरडणं बरंच कमी आहे.

दादाच्या मोबाइलमध्ये, माझ्या मोबाइलमध्ये आणि आईच्या कपाटाच्या दारावर आता एक कागद आहे. आजार, गोळ्या, डोस, स्टेंटची तारीख, कोणता कान, कोणाला फोन करायचा. खाली लाल पेनाने, ‘चष्मा आणि मशीन बरोबर न्या’. आणि ‘नेहमीपेक्षा जास्त चिडली तर आधी कुठे दुखतंय ते बघा’.

केसचं म्हणाल तर मुदत अजून संपलेली नाही, कागद सगळे एका फाइलमध्ये आहेत. धाकट्याचं आणि माझं यावर अजून एकमत नाही.

सध्या

पडून पाच महिने होऊन गेले. आई वॉकरने आणि एका माणसाच्या आधाराने पॅसेजच्या टोकापर्यंत जाते, परत येताना व्हीलचेअर लागते. रोज सकाळी सव्वाआठला, ड्यूटी बदलली की, सिस्टर मला व्हिडिओ कॉल करतात. पूर्वी फोन आधी आईच्या तोंडासमोर धरायच्या. आता पांघरूण बाजूला करून आधी दोन्ही पावलं दाखवतात, शेजारी शेजारी, बोटं छताकडे. मी बघितलं म्हणते, मग फोन आईकडे जातो आणि ती विचारते शाळा सुटली का.